बारा व्होल्टची एलईडी पट्टी आणि खारी हवा: परीक्षा कापलेल्या टोकाची

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणत्याही बाजारपेठेत इलेक्ट्रिकच्या दुकानात एलईडी पट्टीचा ५ मीटरचा रोल मिळतो. श्रावण लागला की मखरासाठी, मे महिन्यात घराच्या डागडुजीबरोबर पीओपीच्या खाचेसाठी आणि हल्ली होमस्टेच्या पडवीसाठी तो घेतला जातो. एक-दोन पावसाळे गेले की पट्टीचा एखादा तुकडा मिणमिणायला लागतो, मग मधलेच तीन दिवे जातात, मग टोकाकडचं सगळंच काळोखात. माल हलका होता असं म्हणून नवा रोल आणला जातो आणि तोही त्याच जागी मरतो. ती जागा बहुतेक वेळा कात्रीने कापून वायर जोडलेलं टोक असते. म्हणून या परीक्षणात खोक्यावरचे आकडे मागे ठेवले आहेत आणि एकच प्रश्न पुढे घेतला आहे: किनाऱ्यावरच्या हवेत कापलेलं टोक टिकवायचं तर पट्टी, जोड, वायर आणि सप्लाय (घरातल्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करून देणारा डबा) यांत काय घ्यावं, काय टाळावं.

आधी निकाल. माजघर, देव्हारा, स्वयंपाकघरातल्या फळीखालची जागा अशा घरातल्या कामाला १२ व्होल्टची, २८३५ मापाच्या दिव्यांची, मीटरला १२० दिवे असलेली उघडी पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनलमध्ये बसवून वापरावी. पडवीत, पागोळ्यांच्या आतल्या बाजूला, सिलिकॉनच्या नळीतली पट्टी चांगली, आणि तीही शक्यतो न कापता. ५ मीटरहून लांब सलग ओळ हवी असेल तर २४ व्होल्टकडे वळावं. क्लिपचे कनेक्टर मखरापुरते. २३० व्होल्टचा लांबलचक रोल हात पोचेल अशा जागी लावू नये.

आता कारणं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळायला लागतं. कोकणात जून ते सप्टेंबर बहुतेक वेळ आर्द्रता याच्या वरच असते. समुद्रावरून आलेल्या वाऱ्यातलं मीठ पट्टीवर बसतं, त्याला पाणी सुटतं, आणि प्लस-मायनसच्या दोन तांब्याच्या ठिपक्यांमध्ये खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. ठिपक्यांमधलं अंतर जेमतेम काही मिलिमीटर, त्यावर १२ व्होल्ट डीसी. शाळेत विद्युत विलेपनाच्या प्रयोगात प्लसला जोडलेली तांब्याची पट्टी झिजते, तेच इथे रोज संध्याकाळी चार-पाच तास घडत असतं. मेलेलं टोक नीट पाहिलं तर प्लसचा ठिपका हिरवा पडून जवळजवळ खाल्लेला दिसतो आणि मायनसचा त्यामानाने शाबूत असतो. कारण हे कळलं की उपाय सरळ आहे. तांब्यावर कथलाचा थर चढवायचा आणि त्या थराला हवा लागू द्यायची नाही.

दुकानात रोल हातात घेतल्यावर पहिल्यांदा बघायचं ते रेझिस्टरवरचा आकडा. १२ व्होल्टच्या पांढऱ्या पट्टीत तीन दिवे आणि एक रेझिस्टर असा एक खंड असतो. प्रत्येक दिवा साधारण ३ व्होल्ट घेतो, म्हणजे तिघांचे ९ झाले. उरलेले ३ रेझिस्टरवर पडतात. रेझिस्टरवर १५१ लिहिलं असेल तर तो १५० ओहमचा, कारण पहिले दोन अंक तसेच घ्यायचे आणि शेवटचा अंक पुढे किती शून्यं हे सांगतो. ३ व्होल्टला १५० ने भागलं की २० मिलीअँपिअर. मीटरला ६० दिवे असतील तर २० खंड, म्हणजे ०.४ अँपिअर, म्हणजे ४.८ वॅट. मीटरला १२० दिवे असतील तर ९.६ वॅट. आता त्याच ६० दिव्यांच्या पट्टीवर ३३१ दिसलं, तर ३३० ओहम, खंडाला जेमतेम ९ मिलीअँपिअर आणि मीटरला सव्वादोन वॅटच्या आसपास. खोक्यावर काहीही छापलेलं असो, उजेड तेवढाच पडणार. मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढला की हा आकडा वाचता येतो. देव्हाऱ्यासाठी मंद उजेडच हवा असेल तर ३३१ वाली पट्टी वाईट नाही, दिवे थंड राहतात आणि जास्त टिकतात. फक्त तिला मोठ्या पट्टीची किंमत देऊ नये.

दुसरी खूण तांब्याच्या जाडीची. पट्टी दोन बोटांत धरून हलकेच वाकवावी. कागदासारखी लगेच पडत असेल तर आत तांबं कमी. थोडी ताठ, वजनाला जड वाटणारी पट्टी चांगली. उत्पादक ‘२ औंस’ लिहितात तेव्हा तांब्याचा थर साधारण ७० मायक्रॉनचा असतो, १ औंस म्हणजे ३५. आपल्याकडे हा फरक टोकाकडच्या उजेडात दिसतो आणि गंजाला पुरून उरण्यातही.

तिसरी गोष्ट रोल उलगडूनच पाहावी लागते. ५ मीटरची पट्टी एकसंध नसते. अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे कारखान्यात एकमेकांवर चढवून सोल्डर केलेले असतात. दर ५० सेंटिमीटरवर तो जोड दिसतो, जरा जाड, चकाकणारा. तिथे पट्टी वाकली की जोडाला बारीक चीर जाते आणि पुढे खारी हवा तिचं काम करते. कोपऱ्यावर हा जोड येणार नाही अशा बेताने माप धरावं. नेमका जोडावरच तुकडा हवा असेल तर तो कात्रीने कापू नये, सोल्डरिंग आयर्नने वितळवून सोडवावा. खालचा ठिपका पूर्ण मिळतो आणि त्याला कारखान्यातूनच कल्हई झालेली असते.

२८३५ आणि ५०५० यांचा घोळ दुकानात बराच घातला जातो. हे दिव्यांच्या अंगाचं माप आहे: २.८ गुणिले ३.५ मिमी आणि ५ गुणिले ५ मिमी. ५०५० च्या पोटात तीन चिप असतात, म्हणून रंग बदलणाऱ्या पट्टीला तोच लागतो. मीटरला ६० असतील तर साधारण १४.४ वॅट खातो आणि चांगलाच तापतो. नुसत्या पांढऱ्या-पिवळ्या उजेडासाठी तो घेण्यात अर्थ नाही. २८३५ कमी विजेत तेवढाच उजेड देतो. उजेडाचे ठिपके न दिसता सलग रेघ हवी असेल तर सीओबी पट्टी, म्हणजे बारीक चिप थेट पट्टीवर खेटून बसवलेली, सुंदर दिसते. पण तिच्यावरचा फॉस्फरचा पिवळा थर तांब्याच्या ठिपक्यांच्या अगदी जवळ असतो आणि कापताना त्याची कड सुटते. घरात चॅनलमध्ये ठीक, पडवीत तिचं टोक बंद करणं जिकिरीचं होतं.

आवरणांचं सांगायचं तर धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो हे आयपीचा आकडा सांगतो: उघडी पट्टी म्हणजे आयपी २०, वरून सिलिकॉन ओतलेली आयपी ६५, नळीत घातलेली आयपी ६७. कोकणात लोक हमखास मधली घेतात, पाणी लागलं तर बरं म्हणून. घरातल्या कामाला तिच्यात फायदा दिसत नाही. सिलिकॉन वरच्या बाजूलाच असतं, खालची बाजू आणि कापलेली कड उघडीच राहते. जोडासाठी सिलिकॉन खरवडताना नखाने किंवा ब्लेडने ठिपक्याचं तांबंच सोलून निघतं, आणि जिथे खरवडलं तिथे कडेच्या फटीत खारं पाणी धरून राहतं. एखादी हलकी पट्टी सिलिकॉनऐवजी एपॉक्सी वापरते. ते दोन उन्हाळ्यांत पिवळं पडतं आणि कडक होऊन तडकतं. नळीतली पट्टी मात्र खरोखर उपयोगी आहे, कारण तिचं टोक टोपी आणि सिलिकॉन लावून नीट बंद करता येतं. मोजून माप घेऊन कमीत कमी जागी कापली तर पडवीत ती चांगली टिकते.

आता कापणं आणि जोडणं. यातच सगळा निकाल लागतो.

सप्लाय बंद करून पट्टी मोकळी करावी. गुंडाळलेला रोल तसाच पेटवून ठेवू नये. उष्णता बाहेर पडायला वाव नसतो आणि आतल्या वेढ्यांतले दिवे भाजतात. दुकानात तपासायला दहा-पंधरा सेकंद पुरे. कापायची जागा म्हणजे दोन तांब्याच्या ठिपक्यांच्या जोडीवरून गेलेली रेघ, बहुधा शेजारी कात्रीचं चित्र. १२ व्होल्टच्या ६० दिव्यांच्या पट्टीत ती दर ५ सेंटिमीटरवर येते, १२० दिव्यांच्या पट्टीत दर अडीच सेंटिमीटरवर. २४ व्होल्टला खंड मोठे असतात, साधारण दुप्पट. खिडकीचं किंवा फळीचं माप या पटीत बसत नसेल तर तुकडा लहान घ्यावा. उरलेलं अंतर दोन्ही बाजूंना सारखं सोडलं की उजेडात ते दिसत नाही. मधूनच कापलं तर त्या खंडाचे तीन दिवे कायमचे गेले.

कात्री धारदार हवी, किराणा पिशव्या कापणारी बोथट नको. बोथट कात्रीने तांब्याचा पापुद्रा ओढला जाऊन प्लस-मायनसला एकत्र करतो आणि सप्लाय चालू करताच बंद पडतो. रेघेवर सरळ, एका दमात कापावं, म्हणजे दोन्ही तुकड्यांना अर्धा-अर्धा ठिपका मिळतो. कापलेली कड डोळ्याजवळ धरून पाहावी, तांब्याचा धागा लोंबत असेल तर नखाने काढावा.

ठिपका पेन्सिलच्या खोडरबराने घासावा, जुन्या पट्टीवर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरचा एक हात पुरतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं, कारण बोटांचा घाम हाही मीठच. आयर्न २५ वॅटचा, टोक बारीक. सोल्डर ६०/४० चं, पोटात राळ असलेलं. नळकामाची आम्लाची पेस्ट इथे अजिबात वापरू नये. ती जोड लगेच धरते आणि राहिलेलं आम्ल तांबं आतून खात बसतं. खास विद्युतकामाची राळेची पेस्टच हवी, आणि काम झाल्यावर तीही पुसून काढावी.

ताक कळकू नये म्हणून पितळेच्या भांड्याला आतून कल्हई करतात. इथेही आधी कल्हई आणि मग जोड हा क्रम सोडू नये. ठिपक्यावर आयर्न टेकवून दोन सेकंदांत सोल्डरचा छोटा थेंब बसवावा, वायरचं टोक ३ मिमी सोलून, पिळून, त्यालाही सोल्डर पाजावं. मग वायर ठिपक्यावर ठेवून वरून आयर्न टेकवला की दोन्ही थर एक होतात. तीन सेकंदांहून जास्त लागत असेल तर थांबून गार होऊ द्यावं. जास्त तापलं की ठिपका खालच्या पिवळ्या फितीपासून सुटतो आणि मग तो तुकडा फुकट जातो. पुढच्या रेघेवर कापून पुन्हा सुरुवात. चांगला जोड चकचकीत आणि बसका दिसतो, वायरच्या तारा त्यातून अंधुक दिसतात. मळकट, गोळा झालेला जोड ओढला की निघतो, त्यामुळे प्रत्येक जोड हलकेच ओढून बघावा.

जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी, चढवायची, तीही आतून गोंद असलेली. साधी स्लीव्ह वायर धरून ठेवते, हवा अडवत नाही. गोंदाची तापवली की कडेने थोडा गोंद बाहेर येतो आणि तोंड बंद होतं. वायर जोडण्याआधी स्लीव्ह वायरीवर सरकवून ठेवायची, हे इतकं साधं असूनही नेहमी विसरलं जातं. नळीच्या पट्टीला टोपीच्या भोकांतून वायरी ओवून, जोड करून, टोपीत सिलिकॉन भरून बसवावी. सिलिकॉन निवडताना ट्यूबवर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं पाहावं. साध्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, कारण ते सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं आणि ते आम्ल बंद टोपीत तांब्यावरच बसतं. मासळीच्या टाकीला आणि काचेला ते चालतं, इथे नको. शिवाय हे काम झडीच्या दिवशी करू नये. दमट हवा आत कोंडून वर टोपी लावली तर ती सगळा पावसाळा आतच राहते. मार्च ते मेमध्ये, कोरड्या दुपारी केलेला जोड सर्वांत चांगला.

पट्टी वर-खाली वाकते, कडेवर वळत नाही. कोपऱ्यावर तिला दुमडून नेणं हा दुसऱ्या क्रमांकाचा बिघाड. तिथे कापून ४-५ सेंटिमीटर वायरीने वळण घ्यावं. एकरंगी पट्टी उलटी जोडली तर पेटत नाही, बिघडतही नाही. वायरी बदलल्या की झालं. रंगीत पट्टीला चार ठिपके असतात, प्लस आणि आर, जी, बी (लाल, हिरवा, निळा), पण त्यांचा क्रम प्रत्येक उत्पादकाचा वेगळा. वायरीचे रंग पाहून जोडू नये, ठिपक्याशेजारची अक्षरं वाचून जोडावं.

क्लिपच्या कनेक्टरला गुण कमी. ८ मिमी आणि १० मिमी अशा दोन रुंदींत ते मिळतात. एकरंगी पट्टीला बहुधा ८ आणि रंगीतला १० लागतो, म्हणून आधी पट्टीची रुंदी मोजावी. जोडणं सोपं, सोल्डरची गरज नाही, आणि चतुर्थीच्या मखरापुरतं ते पुरेसं आहे. पण क्लिपचे दात तांब्याला दोन बारीक बिंदूंवर टेकलेले असतात आणि त्या बिंदूंवर हिरवट थर आला की संपर्क सुटतो. पट्टी कधी लागते, कधी विझते, ठोकली की पुन्हा लागते. जास्त करंटच्या पट्टीवर तो बिंदू तापून प्लास्टिक मऊ होतं. वापरायचाच असेल तर मीटरभर पट्टीपुरता वापरावा आणि बंद करण्याआधी ठिपक्यावर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवावं.

वायरीकडे फार कमी लोक लक्ष देतात. १२ व्होल्टला करंट जास्त असतो, त्यामुळे ट्यूबलाईटला चालणारी बारीक वायर इथे उजेड खाते. १ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण ०.०१८ ओहम. सप्लाय माळ्यावर आणि पट्टी ६ मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर वायर होते; ५ अँपिअरला त्यात १ व्होल्टहून थोडं जास्त जातं. अर्ध्या चौरस मिमीची वायर घेतली तर २ व्होल्टहून जास्त. आणि १ व्होल्ट म्हणजे किरकोळ नाही, कारण तो सगळा रेझिस्टरच्या वाट्याच्या ३ व्होल्टमधून जातो. करंट जवळजवळ एक तृतीयांशाने उतरतो आणि उजेड डोळ्यांना जाणवेल इतका कमी होतो. म्हणून एवढ्या अंतराला दीड किंवा अडीच चौरस मिमीची वायर घ्यावी, नाहीतर सप्लाय पट्टीजवळ आणावा.

पट्टीच्या आतही हेच होतं. ५ मीटर सलग पट्टीला एकाच टोकाने वीज दिली की शेवटचा मीटर पिवळट, मंद दिसतो. दोन्ही टोकांना वीज दिली तर प्रत्येक बाजूला निम्मी लांबी आणि निम्मा करंट राहतो, त्यामुळे व्होल्टेजची घट एक चतुर्थांशावर येते. मधोमध वायर जोडली तरी गणित तेच. दोन रोल एकामागे एक जोडून १० मीटर करणं टाळावं, प्रत्येक रोलला सप्लायपासून स्वतंत्र वायरी द्याव्यात. २४ व्होल्टची पट्टी तेवढ्याच वॅटला निम्मा करंट घेते, म्हणून लांब पडवीला ती सरस.

सप्लायचा हिशेब: पट्टीचे एकूण वॅट काढावेत आणि सप्लायच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवावेत. मीटरला ९.६ वॅटची ५ मीटर पट्टी ४८ वॅट घेते, तिला १२ व्होल्ट ५ अँपिअरचा, म्हणजे ६० वॅटचा सप्लाय बरोबर बसतो. ५०५० च्या पूर्ण रोलला ७२ वॅट लागतात, तिथे १०० वॅटच्या घरातला घ्यावा. जाळीच्या पत्र्याचा उघडा सप्लाय (दुकानात याला एसएमपीएस म्हणतात) स्वस्त आणि दुरुस्त करता येण्याजोगा असतो, पण कोकणातल्या घरात त्याला तीन वैरी आहेत: खारी हवा, मुंग्या आणि पाली. ऊब मिळते म्हणून पाल आत शिरते, दोन टर्मिनलवर पाय पडतो आणि सप्लाय जातो. तो वापरायचा तर बारीक जाळी लावलेल्या पेटीत, घराच्या आत. पडवीसाठी पूर्ण बंद, आत रसायन ओतलेला आयपी ६७ प्रकारचा घ्यावा. मीन वेल कंपनीचा एलपीव्ही-६०-१२ हा या वर्गातला नीट काम करणारा नमुना आहे: १२ व्होल्ट, ५ अँपिअर, इनपुट ९० ते २६४ व्होल्ट. संध्याकाळी गावचं व्होल्टेज १७० पर्यंत उतरलं तरी पट्टी लुकलुकत नाही. किंमत उघड्याहून जास्त आहे, आणि ती द्यावी. मात्र कोणताही सप्लाय पत्र्याच्या शेडच्या पोटाशी लावू नये, मे महिन्यात तिथली हवा इतकी तापते की त्याला पूर्ण भार झेपत नाही.

पत्र्याच्या पेटीच्या सप्लायला अर्थिंग दिलंच पाहिजे. जुन्या घरांत अजून दोन पिनांचे सॉकेट आहेत. अर्थिंगशिवाय जोडला की पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. तो सप्लाय बिघडलेला नसतो, आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून येणारा गळतीचा करंट असतो, पण ओल्या पायांनी तो अंगावर घेण्यासारखा नाही. घरात ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारं बटण, असावं. पट्टीचं बटण २३० व्होल्टच्या बाजूला ठेवावं. रिमोटवाला कंट्रोलर लावून सप्लाय चोवीस तास चालू ठेवला की वळिवाच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात पहिला तोच जातो. ढग दाटले की प्लग काढावा.

२३० व्होल्टचा रोल, ज्याला दुकानात रोप लाईट किंवा पाईप लाईट म्हणतात, तो स्वस्त, लांब आणि सप्लायशिवाय चालणारा, म्हणून मोह होतो. प्लगमध्ये फक्त रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) असतो. पट्टीत वाहतं ते घरातलंच व्होल्टेज, शिखराला सुमारे ३२५ व्होल्ट. तो बहुधा मीटरच्या खुणेवरच कापता येतो, आणि कापलेल्या टोकाची टोपी निघाली तर उघड्या वायरीइतकाच धोका. तुळशीवृंदावनाभोवती, खळ्यात, जिन्याच्या कठड्याला तो गुंडाळलेला दिसतो. तिथे पाणी घालायला, खेळायला, भिजल्या हाताने माणसं येतात. या जागांसाठी त्याला शून्य गुण. उजेडही दर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, मोबाइलच्या चित्रीकरणात पट्टे दिसतात.

बसवण्याबद्दल. पट्टीच्या पाठीचा चिकटपट्टीचा गोंद जांभ्या चिऱ्यावर आणि चुन्याच्या भिंतीवर टिकत नाही. चिरा भोकाभोकांचा आणि चुन्याची भुकटी सुटते. वासा किंवा रीप मिळत असेल तर त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा चॅनल स्क्रूने बसवणं सर्वांत सोपं. चिऱ्यात ६ मिमीचा प्लग ढिला बसतो, ८ मिमीचा लांब घ्यावा. स्क्रू स्टेनलेसचे, कारण साध्या लोखंडी स्क्रूचा गंज पहिल्याच पावसात भिंतीवर ओघळतो. चॅनल अ‍ॅनोडाइज्ड घ्यावा, नाहीतर त्यावर पांढरी भुकटी येते. एक धोका लक्षात ठेवायचा: पट्टीच्या कापलेल्या कडेचं तांबं चॅनलला टेकलं की शॉर्ट होतं. टोकाखाली हीट श्रिंकचा तुकडा किंवा उष्णता सोसणारी टेप घालावी. मीटरला ४.८ वॅटची पट्टी लाकडावर थेट चालते, ९.६ ला चॅनल हवाच. देव्हाऱ्यात समईच्या ज्योतीपासून हातभर लांब ठेवावी. काजळी सिलिकॉनवर बसली की निघत नाही.

उजेडाचा रंग ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर. जांभ्याचा तांबडा आणि लाकडाचा रंग त्यात खुलतो, ६५०० च्या निळसर पांढऱ्यात तीच भिंत राखाडी दिसते. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी आणि पाखरं निळसर उजेडाकडे जास्त धावतात, त्यामुळे पडवीत जेवायला बसणाऱ्यांसाठीही पिवळा बरा. किनाऱ्यालगतच्या होमस्टेंनी तर हे मनावर घ्यावं. वेळास, आंजर्ले, गुहागर इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि पिल्लं बाहेर पडली की सर्वांत उजळ क्षितिजाकडे चालू लागतात. समुद्राच्या बाजूने पट्टी पेटलेली असेल तर ती घराकडे वळतात. फेब्रुवारी ते मे या काळात समुद्राकडची पट्टी रात्री बंद, आणि बसवतानाच ती भिंतीकडे तोंड करून, आडोशाने बसवलेली.

मखराची पट्टी विसर्जनानंतर काढताना ओढून काढू नये, चिकटपट्टी हेअर ड्रायरने थोडी तापवावी. कोरड्या कापडाने पुसून, मूळ चक्रीवरच सैल गुंडाळून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. उघड्या पिशवीत माळ्यावर टाकलेली पट्टी पुढच्या चतुर्थीला टोकाकडे हिरवी सापडते. टोकाला जोडलेली वायर कापून टाकू नये, तशीच राहू द्यावी. कल्हई झालेला जोड उघड्या ठिपक्यापेक्षा कितीतरी बरा टिकतो.

१२ व्होल्टच्या पट्टीचा एक मोठा गुण खोक्यावर लिहिलेला नसतो: ती बॅटरीवर थेट चालते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागातल्या अनेक गावांत बरेच दिवस वीज नव्हती, तेव्हा असा दिवा घरात असणं किती मोलाचं हे समजलं. ६० दिव्यांची मीटरभर पट्टी ०.४ अँपिअर घेते. यूपीएसमधली ७ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची असं धरलं तरी आठ तास उजेड मिळतो, एक खोली आणि स्वयंपाकाचा ओटा त्यात सहज भागतो. बॅटरीच्या प्लसजवळच २ अँपिअरचा फ्यूज लावावा. बॅटरी चार्जिंगला असताना मात्र पट्टी जोडू नये. तेव्हा व्होल्टेज १४ च्या वर जातं, रेझिस्टरवर ३ ऐवजी ५ व्होल्ट पडतात आणि दिवे दीडपटीहून जास्त करंटवर तापतात. वापरून झाली की वीज आल्याबरोबर बॅटरी चार्ज करून ठेवावी. रिकामी पडून राहिलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी थोड्याच आठवड्यांत निकामी होते.